डेन्व्हरचा बिअरवाला महापौर आणि आपल्या गावचे दुकानदार

डोंगरउतार (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:१०

गेल्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना अमेरिकेतलं डेन्व्हर शहर फिरवत होतो. युनियन स्टेशनसमोर लाल विटांची एक जुनी वखार आहे. तिच्या तळमजल्यावर विंकूप ब्रूइंग कंपनी नावाचं हॉटेल आहे. मी सहज बोलून गेलो, "हे हॉटेल काढणारा माणूस पुढे या शहराचा महापौर झाला. मग राज्याचा गव्हर्नर झाला आणि आता सिनेटमध्ये आहे."

सासरे निवृत्त तलाठी. जागीच थांबले. "म्हणजे गुत्तेवाल्याला निवडून दिलं लोकांनी?"

उणे सात तापमानात फुटपाथवर उभं राहून याचं उत्तर देता आलं नाही. घरी येऊन द्यायला लागलो तर त्यांना झोप लागली. म्हणून इथे लिहितो.

माणसाचं नाव जॉन हिकनलूपर. जन्म १९५२, फिलाडेल्फियाजवळच्या नार्बर्थ गावी. वडील लहानपणीच गेले. आईच्या वाट्याला वैधव्य दोनदा आलं. याने कॉलेजात आधी इंग्रजी साहित्य घेतलं, मग गाडी वळवून १९८० मध्ये भूगर्भशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि कोलोरॅडोत तेलकंपनीत लागला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि त्याची नोकरी गेली. वय चौतीस. आणि त्या वर्षी डेन्व्हरमध्ये बेकार भूगर्भशास्त्रज्ञ शोधायला खणावं लागत नव्हतं.

कॅलिफोर्नियात बर्कलीला भावाकडे गेला असताना त्याने एक हॉटेल पाहिलं. बिअर तिथेच गाळायची आणि तिथेच विकायची. असलं काही डेन्व्हरमध्ये तोवर नव्हतं. भागीदार जमवले, पैसे गोळा केले आणि १९८८ च्या ऑक्टोबरात या वखारीत हॉटेल उघडलं. या भागाला लोडो म्हणतात. रेल्वेच्या काळातली गोदामं, बरीचशी रिकामी, संध्याकाळनंतर सामसूम. भाडं वर्षाला चौरस फुटामागे सुमारे एक डॉलर. महिन्याला नव्हे, वर्षाला!

त्याच वर्षी शहराने लोडोला ऐतिहासिक भागाचा दर्जा दिला, त्यामुळे जुन्या इमारती पाडून पार्किंगची मैदानं करायला आळा बसला. १९९५ मध्ये चालत जाण्याच्या अंतरावर कूर्स फील्ड हे बेसबॉलचं स्टेडियम झालं. तेव्हा दुकान चाललं यात हाताचा गुण किती आणि मुहूर्ताचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत निम्मं-निम्मं.

तर २००३ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, आयुष्यात कुठलीही निवडणूक न लढवलेला हा माणूस महापौरपदाला उभा राहिला आणि निवडून आला. का उभा राहिला, हा माझा विषय. तुमच्या गावात असं कोणी उभं राहिलं असेल तर तेही लिहा.

---

तिरकस_काकू | रविवार, सकाळी ७:३२

तुमच्या सासऱ्यांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे बायका 'आडवी बाटली'ला मतदान करून दुकान बंद पाडतात. तुमच्याकडे बाटली उभी राहून निवडून येते. चालू द्या.

---

अर्धा_कप | रविवार, सकाळी ८:०५

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका. 'लहान धंदेवाला' हे निवडणुकीतलं बिरूद आहे की खरंच लहान होता? आमच्याकडे शेतकऱ्याचा मुलगा म्हणून उभे राहतात आणि शेत बघायला गेलं तर त्यावर लग्नाचं लॉन असतं.

---

डोंगरउतार | रविवार, सकाळी ८:५०

@तिरकस_काकू, ही उपमा सासऱ्यांना वाचून दाखवली. ते तुमचे फॅन झालेत.

@अर्धा_कप, बरोबर नस पकडलीत. १९८८ मध्ये लहान होता, २००३ मध्ये नव्हता. त्याच वखारीच्या वरच्या मजल्यांवर राहती घरं झाली होती, इतर हॉटेलांत भागीदारी होती, दुसऱ्या शहरांतही असली हॉटेलं उभी करायला हातभार लावला होता. लोडोतल्या जागेचे भाव वाढले त्यात याचाही फायदा झाला. पण लोकांच्या डोक्यात तो टेबलापाशी येऊन "जेवण कसं होतं?" विचारणारा मालक होता, आणि ते खोटंही नव्हतं.

आता 'का'कडे येतो. ठिणगी पडली ती एका नावावरून.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंचीवर आहे. त्यामुळे इथल्या फुटबॉलच्या जुन्या स्टेडियमचं नाव माइल हाय. नवं स्टेडियम बांधायचं ठरलं, आणि १९९८ मध्ये आसपासच्या सहा काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) मतदारांनी त्यासाठी विक्रीकर द्यायला होकार दिला. म्हणजे पैसा बऱ्याच अंशी लोकांचा. आणि नाव मात्र एका गुंतवणूक कंपनीला विकायचं! गाव चिडलं. जुनं नाव राहावं म्हणून जी मोहीम निघाली तिच्या पुढे हा हॉटेलवाला. २००१ मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हा नाव झालं 'इन्व्हेस्को फील्ड ॲट माइल हाय'. अर्धं कंपनीचं, अर्धं गावाचं.

भांडण जिंकलं म्हणता येत नाही. पण तोवर ज्याला फक्त लोडोतले बिअर पिणारे ओळखत होते, त्याला सगळं शहर ओळखू लागलं. आणि माझ्या मते त्याच्या स्वतःच्याही तेव्हाच लक्षात आलं की आपण नगरपालिकेबद्दल नुसती कुरकुर न करता त्यांच्यासमोर उभं राहू शकतो.

---

मुळामुठा | रविवार, सकाळी ९:१५

एवढं सगळं नावावरून? मग आपल्या राज्यात तर घरटी एक महापौर निघायला हवा.

---

फाइलवाला | रविवार, दुपारी १२:४०

बत्तीस वर्षं नगरपरिषदेत काढली (आस्थापना, मग कर विभाग), म्हणून थोडं सांगतो. डोंगरउतार, तुमचा महापौर आणि आमचा महापौर यांत फक्त शब्द सारखा आहे.

महाराष्ट्रात महानगरपालिकेचा महापौर नगरसेवकांमधून निवडतात, अडीच वर्षांसाठी. सभा चालवणं, पाहुण्यांचं स्वागत, झगा आणि पदक. कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. त्यामुळे 'मी महापौर होऊन रस्ते करीन' असं कोणी दुकानदार म्हणाला तर त्याला आधी चहा पाजून खाली बसवावं.

नगरपरिषदेचा नगराध्यक्ष मात्र वेगळा. तो आता थेट जनतेतून निवडतात. हेही किती वेळा बदललं बघा: २०१६ ला थेट निवड आणली, २०२० मध्ये सरकार बदलल्यावर रद्द केली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. २०१६ च्या आधीही एकदा आणून काढून झाली होती. प्रत्येक वेळी आम्ही कारकुनांनी नवे शासन निर्णय फायलीला लावायचे. गेल्या डिसेंबरात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक लागली ती थेट पद्धतीनेच.

तुमच्याकडे कसं आहे?

---

डोंगरउतार | रविवार, दुपारी १:३०

इथे महापौरच खरा कारभारी. खात्यांचे प्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो. समोर तेरा जणांची कौन्सिल. आणि महत्त्वाचं म्हणजे शहराची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. माणूस डेमोक्रॅट आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मतपत्रिकेवर पक्ष नसतो.

---

फाइलवाला | रविवार, दुपारी १:३८

म्हणजे एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) नाही! मग निम्मी निवडणूकच संपली की हो. आमच्याकडे उमेदवाराची खरी निवडणूक एबी फॉर्म हातात पडेपर्यंतच असते.

---

वही_उधारीची | रविवार, रात्री १०:५५

दुकान बंद करून आत्ता सगळं वाचलं. मी बऱ्याच वर्षांनी लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

माझं तालुक्याच्या गावात हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, पत्रे, रंग, नळाचं सामान. वडिलांनी काढलेलं. गाव सांगत नाही, कळायचं त्यांना कळेल.

यंदा मी उभा राहणार होतो. थेट नगराध्यक्षाला. सोडतीत पद खुलं निघालं होतं.

का, तर बाजारपेठेचा रस्ता. एका वर्षात तीनदा खोदला. आधी पाण्याच्या लाइनला, मग गटाराला, मग पाण्याच्या लाइनला गटारवाल्यांनी धक्का लावला म्हणून. प्रत्येक वेळी माझ्या दुकानासमोर दोन महिने मातीचा ढीग. गंमत अशी की तिन्ही वेळा ठेकेदाराने पाइप माझ्याकडूनच नेले. माझा धंदा त्या खड्ड्यावर चालला होता आणि त्याच खड्ड्यामुळे गिऱ्हाईक दुकानापर्यंत येऊ शकत नव्हतं. एक म्हातारी पाय घसरून पडली. तिला मी उचलून दुकानात बसवलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "तू एवढं शिकलेला, तुम्ही का नाही बघत हे?" लोक म्हणतात म्हणून उभं राहिलो असं सगळेच सांगतात. माझ्या बाबतीत 'लोक' म्हणजे ती एक म्हातारी.

मित्र म्हणाले अपक्ष उभा राहा. वर्गणी काढू. मी घरी बोललो. वडील ऐंशीच्या पुढचे, अजून सकाळी दुकानात येऊन गल्ल्यापाशी बसतात. ते म्हणाले, "उभा राहा. पण आधी ती वही फाडून टाक."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "गावात सव्वादोनशे घरांत आपली उधारी आहे. उद्या तू हात जोडून दारात गेलास आणि त्याच घराकडून परवा बाकी मागितलीस, तर मत गेलं. नाही मागितलीस तर दुकान गेलं. आणि मागितली नाहीस हे दुसऱ्या बाजूच्याला कळलं, तर तो म्हणणार उधारी माफ करून मतं घेतोय. तिन्हीकडून मेलास."

रात्रभर विचार केला. वही फाडता आली नाही. अर्ज भरला नाही.

डोंगरउतार, तुमच्या हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक बिल भरून घरी जातं. आमचं जात नाही. मला वाटतं फरक तिथेच आहे.

---

सई_किनारा | रविवार, रात्री ११:२०

वाचून थांबले. वही, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

---

तिरकस_काकू | सोमवार, सकाळी ६:५०

आज तिरकस काही सुचत नाही.

---

डोंगरउतार | सोमवार, सकाळी ७:२५

वही, तुमच्या प्रतिसादाने माझा धागा सुधारला. उधारीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता.

पण एक गोष्ट जुळते. हिकनलूपर नेहमी सांगतो की हॉटेलच्या धंद्यात शत्रू करण्यात नफा नसतो. गिऱ्हाईक कितीही चुकीचं बोललं तरी ऐकून घ्यायचं, कारण ते उद्या परत यायला हवं. हेच तो राजकारणाला लावतो. लोडोत बाकीची हॉटेलं उघडली तेव्हाही त्याचं म्हणणं असं होतं की शेजारचं हॉटेल चाललं तर माणसं या भागात येतील, आणि आली तर आपल्याकडेही येतील.

वडील म्हणाले ते याचीच दुसरी बाजू आहे. काउंटरमागचा माणूस सगळ्या गावाचा असतो. उभा राहिला की निम्म्यांचा होतो. पाच-सहा लाख वस्तीच्या शहरात 'निम्मे' म्हटले तरी हॉटेल भरतं.

आणि खड्ड्याबद्दल: त्याच्या प्रचारातली गाजलेली जाहिरात पार्किंग मीटरची होती. शहराने मीटरचे दर वाढवले होते. जाहिरातीत हा चिल्लर घेऊन रस्त्याने चाललाय आणि अनोळखी लोकांच्या मीटरमध्ये नाणी टाकतोय, दंड होऊ नये म्हणून. बाकीचे उमेदवार शहराच्या भविष्यावर बोलत होते आणि हा मीटरवर. पण गाडी लावायला जागा नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, हे दुकानदाराला जितकं कळतं तितकं कोणाला कळणार? तुमचा मातीचा ढीग तोच. पहिल्या फेरीत तो पुढे राहिला आणि जूनमध्ये दुसऱ्या फेरीत शहराच्या लेखापरीक्षकाला हरवून जवळजवळ दोन तृतीयांश मतं घेतली.

---

फाइलवाला | सोमवार, सकाळी १०:१०

वही, तुम्ही नाही भरलात ते एका अर्थी बरं. नगरपरिषदेच्या कामाच्या कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर माणूस अपात्र ठरतो. ठेकेदाराला रोखीने पाइप विकणं म्हणजे हितसंबंध नव्हे, असं माझं मत. पण छाननीच्या दिवशी समोरच्या वकिलाने तुमची बिलबुकं टेबलावर टाकली असती आणि तुम्ही दिवसभर तेच समजावत बसला असतात. शिवाय कराची थकबाकी नसल्याचा दाखला. गाळ्याची पट्टी वेळेवर भरता ना?

---

वही_उधारीची | सोमवार, दुपारी २:१५

भरतो. साहेब, नोकरी सुटली तरी वसुली सुटली नाही तुमची.

---

सई_किनारा | सोमवार, दुपारी ३:००

एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाहीये. पद खुलं होतं म्हणून वहींना विचार तरी करता आला. आमच्या गावात सोडतीत महिलेसाठी निघालं. बाजारपेठेतल्या एका बड्या दुकानदाराची वर्षभर तयारी चाललेली. सोडत निघाली आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर वहिनी! त्यांचा फोटोही लग्नाच्या अल्बममधला, मागचा हॉल दिसत होता. सही त्यांची, बैठका यांच्या. गावात 'झेरॉक्स' म्हणतात.

पण मी त्यांच्या दुकानात जाते म्हणून सांगते: वीस वर्षं हिशेब त्या बाईच ठेवतात. जीएसटीचे कागद त्यांच्याच हातचे. नवरा टपरीवर बसून गावाचं राजकारण करतो. तेव्हा धंद्याचा अनुभव असलेली खरी उमेदवार कोण, सांगा बरं.

---

अर्धा_कप | सोमवार, दुपारी ३:२०

+१. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. काढाच.

---

लिंकनशायरकर | सोमवार, संध्याकाळी ६:४५

अवांतर, पण पूर्ण अवांतर नाही. माझ्यापासून तासाभरावर ग्रँथम हे इंग्लंडमधलं गाव आहे. तिथे आल्फ्रेड रॉबर्ट्स नावाचे किराणा दुकानदार होते. खाली दुकान, वर राहतं घर. चर्चमध्ये प्रवचनंही करायचे. १९४५-४६ मध्ये ते ग्रँथमचे महापौर झाले. तेव्हाचा महापौर फाइलवाल्यांच्या वर्णनासारखाच: कौन्सिलने वर्षभरासाठी निवडायचा, गळ्यात साखळी घालायची. पुढे कौन्सिलात मजूर पक्षाचं बहुमत झालं आणि १९५२ मध्ये त्यांचं आल्डरमनपद (कौन्सिलनेच निवडलेल्या ज्येष्ठ सदस्याचं पद) काढून घेण्यात आलं. त्यांची धाकटी मुलगी मार्गारेट थॅचर. ती या प्रसंगाची आठवण निघाली की दशकांनंतरही हळवी व्हायची.

वडिलांना गावाने काय दिलं यापेक्षा शेवटी कसं घालवलं, हे दुकानदाराच्या घरात जास्त लक्षात राहतं.

---

मुळामुठा | सोमवार, रात्री ८:०२

डोंगरउतार, सगळं गोडगोड चाललंय. निवडून आल्यावर केलं काय? दुकान चालवणं म्हणजे शहर चालवणं नव्हे. तोट्यातला पदार्थ मेन्यूतून काढता येतो, तोट्यातली वस्ती काढता येत नाही.

---

डोंगरउतार | सोमवार, रात्री ९:३०

हे वाक्य मी चोरणार आहे.

जमलं त्यातलं मोठं म्हणजे रेल्वे. २००४ मध्ये आसपासच्या सगळ्या गावांच्या महापौरांना एकत्र आणून लोकलगाड्यांच्या जाळ्यासाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव लोकांपुढे नेला आणि तो मंजूर झाला. मी विमानतळावर ज्या गाडीने जातो ती त्याच योजनेतली. २००५ मध्ये टाइम मासिकाने देशातल्या मोठ्या शहरांच्या पाच उत्तम महापौरांत त्याला घातलं. २००७ मध्ये तर विरोधात नावालाच कोणी होतं.

फसलं तेही सांगतो. २००५ मध्ये बेघरपणा दहा वर्षांत संपवण्याची योजना गाजावाजाने सुरू केली. दहा कधीच उलटली, बेघर अजून आहेत. हॉटेलात रिकामं टेबल भरता येतं, इथे तसं नव्हतं. २००६ च्या डिसेंबरात बर्फ साचून गल्ल्या आठवडेच्या आठवडे बंद राहिल्या तेव्हा याच लाडक्या महापौराला लोकांनी शिव्या घातल्या. मीही घातल्या, माझी गाडी अकरा दिवस गाडलेली होती.

आणि काकूंसाठी खास: २००५ मध्ये शहरात गांजा थोड्या प्रमाणात जवळ बाळगायला मुभा द्यावी असा प्रस्ताव मतदानाला आला. महापौरांनी विरोध केला. प्रस्तावकांनी विचारलं, बिअर विकून श्रीमंत झालेला माणूस आम्हाला नशेबद्दल काय शिकवतो? प्रस्ताव मंजूर झाला.

---

तिरकस_काकू | मंगळवार, सकाळी ७:०५

बघा, मी म्हणतच होते. बाटली कुठे ना कुठे आडवी होतेच.

---

अर्धा_कप | मंगळवार, सकाळी ९:४०

पण हॉटेलचं काय केलं त्याने? पदावर असताना गल्ल्यावर बसत होता का?

---

डोंगरउतार | मंगळवार, सकाळी १०:००

नाही. आधी कारभार दुसऱ्यांच्या हाती सोपवला, मग २००७ मध्ये आपला हिस्सा विकून टाकला. वहींच्या वडिलांच्या भाषेत, त्याने वही फाडली. उशिरा का होईना.

---

वही_उधारीची | मंगळवार, रात्री ११:१०

त्याला फाडायला गिऱ्हाईक मिळालं, नशीबवान आहे.

आता आमचं पुढचं ऐका. मतदान २ डिसेंबरला झालं आणि निकाल २१ तारखेला. मधले एकोणीस दिवस पेट्या बंद. मी उभा नव्हतो तरी दुकानात कोणी मोकळं बोलेना. दोन्ही बाजूंचे लोक एकाच वेळी आले की एक जण खिळे बघायचा आणि दुसरा रंगाचं कार्ड. वडील म्हणाले, "नुसता विचार केलास तर ही गत."

जे निवडून आले ते बरे आहेत. रस्ता चौथ्यांदा खोदणार नाही असं जाहीर सभेत म्हणालेत. परवा दुकानात आले, वडिलांच्या पाया पडले, चहा घेतला.

त्यांच्या नावावर गेल्या पावसाळ्यापासून पत्र्यांचे १८,६०० रुपये बाकी आहेत. फाइलवाले साहेब, मागू का?

---

फाइलवाला | मंगळवार, रात्री ११:३२

मागा. पण पावती आधी लिहून ठेवा, आणि रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आत मागा. नंतर मागितलेत तर ते पत्र्याचे पैसे समजणार नाहीत.